स्वस्त प्रकाश आणि आपले कर्तव्य

संयमाची महती आपल्या नीतिकारांनी पुष्कळ गायिली आहे. परंतु बारकाईने पाहिल्यास तो संयम बहुधा तुटीच्या वस्तूंविषयीचा असतो, असे आढळून येईल. धान्य जपावे, पाणी जपावे, तेल जपावे, हे सांगण्यास फारसे तत्त्वज्ञान लागत नाही; रिकामी होत आलेली बुधलीच ते सांगत असते. कंदिलाच्या काळात गृहिणी मुलांचा अभ्यास संपताच वात खाली करी, सकाळी राखेने काच पुसून ठेवी, आणि रॉकेलची बाटली महिनाअखेरपर्यंत कशीबशी पुरवी. या वागणुकीला आपण काटकसरीचा सद्गुण म्हणत आलो. तो सद्गुण होता की निव्वळ नाइलाज होता, हे ठरविण्याची सोय मात्र तेव्हा नव्हती. ज्याच्याजवळ उधळावयास काही नाही त्याने उधळले नाही, यात त्याची परीक्षा ती कोठे झाली? प्रकाशाच्या बाबतीत ती परीक्षा आपल्या पिढीची चालली आहे, आणि ती घेणारी वस्तू म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा एक निळा स्फटिक होय.

या स्फटिकाने जो दिवा शक्य केला, तो आज नागपुरात महालातील जुन्या वाड्यांपासून हिंगण्याच्या कारखान्यांपर्यंत सर्वत्र लागलेला दिसतो. त्याचा उजेड इतका स्वस्त आहे की, तो मालविण्यासाठी जागचे उठणे हेच पुष्कळांना अधिक महाग वाटते. अशा वस्तूच्या वापराविषयी माणसाला काही कर्तव्य उरते काय, आणि उरत असल्यास ते कोणाविषयीचे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. परंतु ती वस्तू आपल्या हाती कशी आली, हे आधी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

तापलेल्या तारेचा दिवा मुख्यतः उष्णता देतो आणि जाता जाता थोडा उजेड देतो. एलईडी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या दिव्याची रीत निराळी आहे. त्यात दोन प्रकारचे अर्धवाहक थर एकमेकांस जोडलेले असतात; एकात इलेक्ट्रॉनांची रेलचेल असते, दुसऱ्यात त्यांच्यासाठी रिकाम्या जागा असतात. वीज सोडली म्हणजे इलेक्ट्रॉन सांध्यापाशी येऊन त्या रिकाम्या जागांत उतरतात, आणि उतरताना जी शक्ती मोकळी होते ती प्रकाशरूपाने बाहेर पडते. पायरी ठेंगणी असेल तर प्रकाश तांबडा, उंच असेल तर निळा. तांबडा दिवा निक होलोनिॲक यांनी अमेरिकेत १९६२ मध्ये करून दाखविला. मागाहून पिवळा आला, पोपटी हिरवा आला; गणकयंत्रांच्या व घड्याळांच्या तोंडावर त्यांचे आकडे चमकू लागले. निळा मात्र तीस वर्षे येईना.

असे का व्हावे? पुरेशी उंच पायरी असलेला पदार्थ गॅलियम नायट्राइड हा आहे, हे तज्ज्ञांना ठाऊक होते. पण त्याचा चांगला स्फटिक वाढविता येत नव्हता. तो ज्या नीलमण्याच्या पाटावर वाढवावयाचा, त्या पाटाची आणि त्याची अणूंची वीण जुळत नसे. आणि रिकाम्या जागांचा जो दुसरा थर पाहिजे तो तर काही केल्या साधत नसे. आरसीए या अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेत जॅक पँकोव्ह आणि हर्बर्ट मारुस्का यांनी १९७१-७२ च्या सुमारास या पदार्थातून निळा-जांभळा उजेड काढला खरा, परंतु तो इतका मंद होता की त्यातून कामाचा दिवा होण्यासारखा नव्हता, आणि थोड्याच वर्षांत कंपनीने ते काम गुंडाळले. १९८९ मध्ये सिलिकॉन कार्बाइडचा निळा दिवा अमेरिकेत विक्रीस आला. त्याचाही उजेड असून नसल्यासारखा. शहाण्या लोकांनी एव्हाना झिंक सेलेनाइड नावाच्या दुसऱ्या पदार्थाची वाट धरली होती, कारण त्याचे स्फटिक दिसावयास निर्दोष निघत.

गॅलियम नायट्राइडची सोबत न सोडणारी मंडळी थोडी होती, आणि त्यांतील तिघे जपानी यशस्वी झाले. नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि त्यांचे शिष्य हिरोशी आमानो यांनी १९८६ मध्ये नीलमण्यावर आधी ॲल्युमिनियम नायट्राइडचा एक पातळ थर अंथरून त्यावर स्वच्छ स्फटिक वाढविला. हा स्फटिक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असता, पाहण्याच्या क्रियेनेच तो अधिक उजळू लागतो, असे त्यांच्या ध्यानी आले. त्या धाग्याने जाऊन १९८९ मध्ये त्यांनी तो दुर्लभ दुसरा थर साधला. इकडे शिकोकू बेटावरील आनान या लहान गावी, निचिया नावाच्या फॉस्फर बनविणाऱ्या कारखान्यात, शुजी नाकामुरा हे स्फटिक वाढविण्याची भट्टी स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा मोडून जोडीत होते. दुसरा थर निकामी होतो तो त्यात हायड्रोजन चिकटून बसतो म्हणून, आणि नुसते तापविल्याने तो हायड्रोजन निघून जातो, ही साधी परंतु निर्णायक गोष्ट त्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिली. आणि १९९३ च्या अखेरीस डोळे दिपविणारा निळा दिवा जगासमोर आला. गंमत अशी की, या स्फटिकात दर चौरस सेंटिमीटरला कोट्यवधी दोष असतात. निर्दोष स्फटिकाच्या मागे लागलेले विद्वान मागे राहिले आणि दोषांसकट चमकणारा पदार्थ पुढे गेला. या तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. नाकामुरा यांना कारखान्याने या शोधाबद्दल आधी वीस हजार येन दिले होते. न्यायालयाने २००४ मध्ये दोन हजार कोटी येन देवविले, आणि पुढच्याच वर्षी ८४ कोटींच्या आसपास तडजोड झाली. प्रकाशाचे मोल ठरविणे किती अवघड आहे, हे या तीन आकड्यांवरून दिसते. पण तो वाद येथे वाढवीत नाही.

या दिव्याचा उपयोग काय होईल, याविषयी तेव्हा ज्या अपेक्षा होत्या त्या आज पाहिल्या तर मौज वाटते. तांबडा आणि हिरवा होताच. निळा मिळाला की तीन मूळ रंग पुरे होऊन रंगीत चित्रांचे मोठे पडदे होतील, चौकातील सिग्नल होतील, आणि निळ्या किरणाचा ठिपका बारीक असल्यामुळे एका तबकडीवर अधिक मजकूर मावेल, अशी ती कल्पना होती. हे सर्व झाले. परंतु या सर्वांहून मोठे काम दुसरेच निघाले. निळ्या स्फटिकावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरची भुकटी पसरली, तर निळ्याचा काही अंश पिवळा होतो आणि दोहोंच्या मिश्रणाने डोळ्यास पांढरा उजेड दिसतो. हा दिवा निचियाने १९९६ मध्ये बाजारात आणला. तेव्हा आपल्या माजघरातील पांढरा दिवा खरोखर निळा दिवाच आहे. त्याने केवळ पिवळे पांघरूण घेतले आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आणखी एक उपयोग सांगितल्यावाचून राहवत नाही. नवजात बालकास कावीळ होते, तेव्हा त्याच्या रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य निळ्या प्रकाशाने रूप पालटते आणि शरीराबाहेर टाकता येण्याजोगे होते. हे इंग्लंडमधील एका रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात कळले. त्याची सुरुवात उन्हात खेळविलेल्या बालकांची त्वचा निवळते, या एका परिचारिकेच्या निरीक्षणापासून झाली. पूर्वी या कामी निळ्या नळ्या वापरीत. त्या तापत आणि लवकर मंदावत. आज आपल्याकडील नवजात शिशूंच्या कक्षांत डोळ्यांवर पट्टी बांधलेले मूल निळ्या एलईडीखाली निजलेले असते आणि काचेबाहेर त्याची आजी जपमाळ घेऊन बसलेली असते. या प्रकाशाला कोणी उधळपट्टी म्हणणार नाही. यापुढे जे लिहावयाचे आहे ते या दिव्याची निंदा म्हणून वाचले जाऊ नये, एवढ्यासाठी हे आधी नमूद केले.

आता स्वस्ताईकडे वळू. तेलाची पणती एका वॅटमागे एक दशांश ल्युमेन, म्हणजे नाममात्र, उजेड देते. तारेचा बल्ब सुमारे १६ देतो. नळी ७० देते. आणि उत्तम एलईडी ३०० पर्यंत पोहोचला आहे. भारत सरकारच्या उजाला योजनेचा आरंभ ५ जानेवारी २०१५ रोजी झाला. तीनशे रुपयांच्या घरातील दिवा त्या योजनेत सत्तर रुपयांस मिळू लागला, आणि असे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. ज्या घरात एक साठचा बल्ब जपून लावीत, त्या घरात आज पाच दिवे लागतात आणि तरी बिल वाढत नाही. ही सामान्य गोष्ट नव्हे. पोरीला स्वयंपाकघरात आईच्या पाठीमागे बसून अभ्यास करता येतो, म्हातारीला रात्री परसात जाताना विंचवाचे भय वाटत नाही. हे सुख ज्यांनी भोगले नाही त्यांनाच ते क्षुल्लक वाटेल.

परंतु जी वस्तू स्वस्त होते तिचा एकूण खप कमी होत नाही, वाढतो. कमी कोळशात अधिक काम करणारी यंत्रे आली की कोळसा वाचेल, हे मानणाऱ्यांना विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच बजावले होते की, वाचणार नाही, उलट कोळसा अधिक जाळला जाईल. प्रकाशाचेही बरेचसे तसेच झाले आहे. घरातील खोलीला उजेडाची एक मर्यादा असते; त्यापलीकडे माणूस डोळे मिटतो. घराबाहेर तशी मर्यादा नाही. गच्चीच्या कठड्याला दिवे, कुंपणाला दिवे, झाडाच्या बुंध्याला गुंडाळलेले दिवे, उड्डाणपुलाच्या पोटाला दिवे, आणि रात्री दोन वाजता एकही गिऱ्हाईक नसताना जाहिरातीच्या फलकावर हसणारी ती वीस फूट उंचीची तरुणी! जगभरच्या हौशी निरीक्षकांनी डोळ्यांनी तारे मोजून २०११ पासून २०२२ पर्यंत ज्या नोंदी केल्या, त्यांवरून रात्रीचे आकाश दरसाल सुमारे ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. या वेगाने आठ वर्षांच्या आत उजेड दुप्पट होतो. उपग्रहांनी यापूर्वी केलेली मोजणी याहून पुष्कळ कमी होती. त्याचे एक कारण असे की, त्या उपग्रहांच्या नेत्राला निळा प्रकाश दिसतच नाही.

माझ्या शेजारी एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्या गच्चीवरील दिवा सांजेपासून उजाडेपर्यंत चालू असतो आणि त्याचा झोत नेमका माझ्या अंथरुणावर येतो. एकदा भीत भीत विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, “अहो भाऊसाहेब, नऊ वॅटचा तर दिवा! त्याचे बिल ते किती येणार? आणि बिल मीच भरतो ना?” त्यांचे दोन्ही मुद्दे बिनतोड वाटतात, म्हणूनच ते तपासून पाहणे अगत्याचे आहे. नऊ वॅटचा दिवा रोज दहा तास जळला तर वर्षाला सुमारे ३३ युनिटे होतात. कोळशाच्या विजेच्या एका युनिटामागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो, म्हणजे वर्षाला वीस किलोंच्या आसपास. आणि आपल्याकडील कोळशात ढोबळ मानाने तिसरा हिस्सा राख असते. तेव्हा एका विसरलेल्या दिव्यामागे सहा-सात किलो राख. शहराच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा येथे विजेची केंद्रे आहेत. २०२२ च्या पावसाळ्यात कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून ती राख नदीनाल्यांत उतरली, तेव्हा ज्यांच्या शेतांत व पाण्यात ती गेली त्यांच्या नावावर ते बिल फाटलेले नव्हते. बिल भरल्याने विजेची किंमत चुकती होते. तिच्या राखेची होत नाही. अर्थात एका दिव्याच्या सहा किलो राखेने बांध फुटत नाही, हे मी जाणतो. परंतु ‘माझ्या एकट्याने काय होते’ हे वाक्य प्रत्येक गच्चीवर तितकेच खरे असते, आणि त्या खरेपणाचीच बेरीज होऊन तलाव भरतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलक्या हाताने बाजूस सारण्यासारखा नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वस्तीत रस्त्याचा दिवा नव्हता, त्यांच्या दारी आत्ता कोठे उजेड आला. आणि पोटभर प्रकाश भोगून कंटाळलेल्या मध्यमवर्गाने त्यांना अंधाराचे सौंदर्य समजावून सांगावे, हे कितपत शोभते? मला हा आक्षेप मान्य आहे. अंधाराचे गोडवे गाणारा मनुष्य बहुधा अंधारातून वाट काढणारा नसतो. रात्रपाळीहून एकटी परतणारी बाई, गल्लीच्या तोंडाशी दिवा असावा, एवढेच मागते. तिला तारे दिसत नाहीत म्हणून हळहळणे हा उपहास होईल.

याहून पुढचे एक उदाहरण नागपूरकरांस सहज सुचेल. निळा हा रंग या शहरात केवळ भौतिकशास्त्राचा विषय नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीकडे दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी लक्षावधी लोक येतात. त्या दिवसांत आणि चौदा एप्रिलला वस्त्यावस्त्यांतून निळ्या दिव्यांच्या माळा लागतात. काटकसरीच्या कोरड्या हिशेबाने पाहिले तर त्या माळांनी वाट दिसत नाही, अभ्यास होत नाही. म्हणजे तो उजेड व्यर्थच. पण असा हिशेब मांडणाऱ्यास उजेड कशासाठी असतो हेच कळलेले नाही, असे म्हणावे लागेल. दिवाळीची पणती तरी कोणत्या उपयोगाची? तो उजेड कोणी तरी, कोणाकरिता तरी, एका दिवसासाठी लावलेला असतो, आणि तो पाहावयास माणसे बाहेर पडलेली असतात. तेव्हा उपयुक्त प्रकाश तेवढा धर्म्य आणि बाकीचा अधर्म्य, ही विभागणी मला टिकण्यासारखी वाटत नाही. खरी विभागणी लावलेल्या दिव्यात आणि राहून गेलेल्या दिव्यात आहे. माझ्या शेजाऱ्यांचा दिवा कोणासाठीही लागलेला नाही. तो फक्त मालवायचा राहिला आहे. आपल्या घरांत दिवा ‘विझव’ म्हणत नसत, ‘मालव’ म्हणत, ‘निरोप दे’ म्हणत. निरोप ज्याला द्यावयाचा तो आलेला आहे याची जाणीव तरी त्या शब्दात होती. ज्या दिव्याच्या येण्याचीच दखल नाही, त्याला निरोप कोण देणार?

आता दुसरा मुद्दा, ‘माझा दिवा, माझे बिल’. दिवा त्यांचा आहे. पण त्याचा प्रकाश त्यांच्या कुंपणाशी थांबतो काय? धुराविषयी आपण हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. शेजाऱ्याने स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या पैशाचे टायर जाळले तरी आपण तक्रार करतो. प्रकाशाला मात्र आपण निरुपद्रवी समजत आलो, कारण त्याला मंगल मानण्याची आपली सवय फार जुनी आहे. वस्तुतः हवेतील कणांवर आपटून प्रकाश सर्व दिशांस विखुरतो, आणि तरंगलांबी जितकी आखूड तितके हे विखुरणे अधिक. ते लांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते, असा रॅले यांचा नियम आहे. जुन्या सोडियम दिव्यांच्या पिवळ्या प्रकाशाहून एलईडीतील निळा भाग हवेत तिपटीच्या आसपास विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते ते ज्या कारणाने, त्याच कारणाने आपल्या पांढऱ्या दिव्यांतील निळा अंश रात्रीच्या आकाशावर पसरतो. (प्रकाशाच्या विखुरण्यासाठीच पुढे जगप्रसिद्ध झालेले चंद्रशेखर वेंकट रामन हे १९१० च्या सुमारास नागपुरात हिशेबखात्याच्या नोकरीत होते. तेव्हाच्या नागपुरावर रात्री किती तारे असत, याची त्यांनी कोठे नोंद केली असती तर आज ती मोलाची ठरली असती.) त्यांच्याच नावाच्या विज्ञान केंद्रात आता तारांगण आहे. मुले तिकीट काढून आत जातात, छत अंधारते, आणि आकाशगंगा पाहून ‘अरे वा!’ म्हणतात. बाहेर आल्यावर वर पाहण्याचे कोणाला सुचत नाही, आणि सुचूनही विशेष उपयोग नाही.

शरीराचीही गोष्ट तशीच आहे. आपल्या डोळ्यात पाहण्याकरिता असलेल्या पेशींखेरीज आणखी काही पेशी आहेत, आणि त्या स्वतःच प्रकाश ओळखतात, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. त्यांचे काम चित्र दाखविण्याचे नसून, दिवस आहे की रात्र, हे मेंदूस कळविण्याचे आहे. आणि त्या सर्वांत अधिक निळ्या प्रकाशानेच जाग्या होतात. याविषयी वर्तमानपत्रांतून जी घबराट अधूनमधून पसरविली जाते तीत अतिशयोक्ती पुष्कळ आहे. दुपारच्या उन्हापुढे आपला कोणताही दिवा काजव्यासारखाच आहे. पण काजवा रात्री मोजावयाचा असतो. रात्री अकराला ज्याच्या उशाशी पांढरा झोत येतो, त्याच्या शरीराला कोणी तरी न विचारता ‘अजून दिवस आहे’ असे सांगत असते. आणि मनुष्य निदान पडदा तरी ओढू शकतो. पतंग, पाकोळ्या आणि झाडावरच्या पाखरांना तीही सोय नाही.

यावरून अंधार ही सुद्धा एक सामाईक मालमत्ता आहे, असा निष्कर्ष काढावा लागतो. गावाच्या गायरानासारखी ती कोणाच्याही नावावर नाही, म्हणून प्रत्येकाने तीत थोडेथोडे अतिक्रमण केले; आणि हे अतिक्रमण करणाऱ्यास ते केल्याचे ठाऊकही नसते, इतके ते सौम्य आहे. तेव्हा स्वस्त प्रकाशाविषयी कर्तव्य उरते काय, या आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, ते उरते, आणि ते दिव्याविषयी किंवा स्वतःच्या खिशाविषयी नसून दिव्याच्या पलीकडे असलेल्यांविषयी उरते. पूर्वी तेल महाग होते म्हणून हे कर्तव्य आपोआप पाळले जात होते. आता ते कोणी जाणूनबुजून पाळील तरच पाळले जाईल.

ते पाळता येते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात घडले आहे. शहरापासून दीड-दोन तासांवर पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने त्याला ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. असा मान मिळालेले ते भारतातील पहिले आणि आशियातील पाचवे स्थान. त्यासाठी जंगलाच्या कडेच्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभरांहून अधिक दिवे बदलून त्यांची तोंडे जमिनीकडे करण्यात आली, आणि वाघोलीच्या तलावाच्या परिसरात आकाशदर्शनाची व्यवस्था झाली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, गाव अंधारात गेले नाही. रस्त्यावर पडावयाचा उजेड रस्त्यावरच पडतो. जो वर जाऊन वाया जात होता, तेवढाच अडविला गेला. रात्री घरी परतणाऱ्या बाईला दिवा पाहिजे आणि आकाशाला अंधार पाहिजे, या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात असे आपण धरून चाललो होतो. त्या एका पत्र्याच्या टोपीने मिटतात.

तथापि मनात एक सल राहतोच. जिल्ह्यात आकाशावर अतिक्रमण कोणी केले? शहराने केले. आणि दिव्यांची तोंडे खाली करण्यास प्रथम कोणाला सांगितले? जंगलाकाठच्या चार लहान गावांना, ज्यांचे सगळे दिवे मिळून आपल्या एका बाजारपेठेची बरोबरी करणार नाहीत. गावकऱ्यांना त्यातून पर्यटनाचे चार पैसे मिळतील, तर उत्तमच. पण तारे पाहावयास आम्ही शहरातून मोटारी घेऊन त्यांच्याकडे जावे, आणि परतल्यावर आपापल्या गच्चीवरील दिवे तसेच ठेवावे, या व्यवहाराला न्याय म्हणवत नाही. ज्याने अधिक घेतले त्याने आधी परत करावयाचे, ही साधी रीत येथे उलटी झाली आहे.

परत करण्याची रीतही काही दुर्गम नाही, आणि तिच्यासाठी दिवे काढून टाकावे लागत नाहीत. वर सांगितले की आपला पांढरा दिवा पिवळे पांघरूण घेतलेला निळा दिवा आहे. पांघरूण दाट किंवा निराळ्या पोताचे केले की निळा अंश कमी होतो आणि उजेड कंदिलाच्या जवळ येतो. अशा फॉस्फर पदार्थांवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात अनेक वर्षे संशोधन चालले आहे. म्हणजे या विषयातील ज्ञानासाठी आपल्याला जपानकडे पाहण्याचेही कारण नाही. दुकानात मिळणाऱ्या दिव्याच्या खोक्यावर हा फरक आकड्यांनी छापलेला असतो. ३००० आकड्याचा दिवा पिवळसर, ४००० चा मध्यम, ६५०० चा निळसर पांढरा. परवा मी तीन दिवे आणावयास गेलो, तेव्हा दुकानदाराने न विचारता ६५०० चे समोर ठेवले. ३००० चे मागितल्यावर तो शिडीवर चढला, वरच्या फळीवरून खोकी काढून त्यांवरची धूळ झटकली आणि म्हणाला, “हे कोणी नेत नाही, साहेब. लोकांना पांढरा फटफटीत पाहिजे.” किंमत दोहोंची सारखीच होती.